कोयत्याला कागद लागत नाही

वर्षावासाचे दिवस होते. आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशी अंगुलीमालाचे प्रकरण निघाले होते, आणि त्याच संध्याकाळी आमचा पुतण्या बावीस महिन्यांनी तुरुंगातून सुटून घरी आला.

बीडच्या बसस्थानकावरून तो चालतच आला होता. ओट्यावर बसलेली माणसे त्याला पाहून गप्प झाली. एका बाईने खेळणारे लेकरू हाताला धरून आत नेले. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी दारात तांब्याभर पाणी दिले, हातपाय धुवायला लावले आणि भाकरी वाढली. जेवण झाल्यावर पोराने प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला. आत शिवणकामाचा वर्ग पुरा केल्याचा तो दाखला होता.

“काका, सातवीतून शाळा सोडली होती. आत आठवीची पुस्तकं वाचून काढली. एक मास्तर होते आमच्या बराकीत, तेच शिकवायचे. आता दहावीला बसता येईल का?”

आम्ही म्हणालो, “येईल की.” इतके सोपे उत्तर आम्ही का दिले, याचा विचार आम्ही पुढे बरेच महिने करत होतो.

पोरावर एका दुकानातल्या चोरीचा आरोप होता. निकालात तो निर्दोष सुटला. जामीन तर आधीच मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळाला नाही. जामीनदाराला सातबारा लागतो. आमच्या भावकीत कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. ज्यांच्या नावावर आहे ते आमच्यासाठी कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हते. म्हणून एक निरपराध पोरगा बावीस महिने आत राहिला. हे दुःख आमच्या एकट्याचे नाही, म्हणून तर ते या पानावर मांडतो आहोत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात आला. वकिलाच्या फीसाठी वहिनींनी हातउसने घेतले होते, ते त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, “दसऱ्यानंतर टोळी निघंल. उचल आज देतो. एकटा आलास तर अर्धा कोयता, आईला जोडीला घेतलंस तर पुरा.”

पोराने विचारले, “कागद काय काय लागतील?”

मुकादम हसला. “कोयत्याला कागद लागत नाही, पोरा. इथं सही कर म्हणजे झालं.”

बीड जिल्ह्यातल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कोयता कोणालाच नाही म्हणत नाही. शाळा सुटलेल्याला, कर्जात बुडालेल्याला, तुरुंगातून आलेल्याला, सगळ्यांना तो सामावून घेतो. पण एकदा हातात आला की तो सहजासहजी सुटत नाही.

मुकादमाला आम्ही आठ दिवस थांबायला सांगितले आणि पोराला घेऊन कामाच्या शोधात निघालो. एका सुरक्षा कंत्राटदाराकडे पहारेकऱ्याची जागा होती. त्याने पोराची उंची पाहिली, बोलणे ऐकले आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगितले. दाखल्यासाठी अर्ज केला. गुन्हा दाखल झाल्याची नोंद संगणकावर लगेच सापडली. निकालात तो निर्दोष सुटल्याची गोष्ट मात्र कुठेच दिसली नाही. ती सिद्ध करायला आम्हाला निकालाची सही-शिक्क्याची प्रत काढून, झेरॉक्स जोडून पुन्हा फिरावे लागले. तोवर जागा भरली होती.

नंतर शाळेत गेलो. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला जुन्या शाळेचा दाखला जोडावा लागतो. तो मिळेपर्यंत दोन खेपा झाल्या. शिवणकामाचा दाखला एका कपड्यांच्या कारखान्यात दाखवला. तिथल्या माणसाने वरचा शिक्का वाचला आणि कागद परत दिला. कामाचा एक टाकासुद्धा घालून पाहिला नाही.

त्या रात्री घरात जेवण गोड लागले नाही. आमची मुलगी बी.ए.ला आहे. ती म्हणाली, “बाबा, दादाचे दोन कागद आहेत. एक त्याच्या पुढे पळतो आणि एक त्याच्या खिशातच राहतो.” पोरीने एका वाक्यात सगळे सांगितले. गुन्ह्याची नोंद पोलीस ठाण्यातून संगणकात जाते, तिथून देशभर पोचते. आज पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांच्या नोंदी एकमेकींना जोडण्याचे काम सरकारने चालवले आहे. परंतु तोच पोरगा आत आठवीची पुस्तके वाचतो, शिवण शिकतो, निर्दोष ठरतो, तेव्हा ती नोंद शाळेकडे जात नाही, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे जात नाही, रोजगार मार्गदर्शन केंद्राकडे जात नाही. त्याला अडवणारा कागद सरकार स्वतः पोचवते. उभे करणारा कागद मात्र त्याने स्वतः घेऊन दारोदार फिरायचे.

मुलीने मग आणखी एक गोष्ट केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या तुरुंगांच्या आकडेवारीचे पुस्तक काढतो. १९९५ सालापासून ते निघते आणि आता कोणालाही फुकट पाहता येते. तिने ते मोबाइलवर उतरवून घेतले आणि चार-पाच संध्याकाळी आम्हाला वाचून दाखवले. वहिनीही ऐकत बसायच्या.

२०२२ सालच्या पुस्तकाप्रमाणे देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यातली ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही अशी माणसे. चारांत तीन! वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आपलाच पोरगा नव्हता तर.” तुरुंगातल्या माणसांपैकी सुमारे एक चतुर्थांश निरक्षर असतात, आणि दहावीपर्यंत न पोचलेले त्यात मिळवले तर तीनांत दोन होतात. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १६.६ होते. तुरुंगात ते वर्षानुवर्षे शेकडा वीसच्या वर आहे. आपली माणसे जास्त गुन्हे करतात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्याकडे सातबारा नाही, वकील नाही, ओळख नाही, ती माणसे आत जास्त दिवस राहतात. आमच्या घरात ते आम्ही पाहिले.

पुस्तकात आणखी बरेच काही आहे. किती कैद्यांना साक्षर केले, किती जण वरच्या वर्गात शिकले, किती जणांना शिवण, सुतारकाम, शेती शिकवली, सुटताना किती जणांना आर्थिक मदत दिली, हे सारे राज्यवार छापलेले आहे. परंतु सुटल्यानंतर एका वर्षाने तो माणूस कुठे आहे, शिवण शिकलेला शिवण करतो की ऊस तोडतो, दहावीचा अभ्यास केलेला परीक्षेला बसला की नाही, याचा रकाना आम्हाला त्यात सापडला नाही. सरकार शिकवल्याची नोंद ठेवते. शिकवल्याचे पुढे काय झाले, ते विचारत नाही.

दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. धर्माच्या तक्त्यात हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती आणि ‘इतर’ असे रकाने आहेत. बौद्ध कुठे? ‘इतर’मध्ये. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्धांची नोंद आहे. तरीही तुरुंगात आपण किती, हे त्या तक्त्यावरून कळू शकत नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी योजना आखली जात नाही.

मोजणीला आम्ही घाबरतोही. ते खरे कारण वाचकांपुढे मांडले पाहिजे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारध्यांसारख्या कितीतरी जमातींची नावे यादीत गेली, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी सुरू झाली. जन्मलेले लेकरूसुद्धा नोंदवहीत गुन्हेगार होते. तो कायदा १९५२ साली गेला. पण आष्टी-पाटोद्याकडचा पारधी बांधव आजही सांगेल की चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी त्याच्या पालावर येते. नोंदवही माणसाला पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवू शकते.

तुरुंगाच्या आतही तेच होते. सुकन्या शांता या पत्रकार भगिनीने तुरुंगातल्या जातीभेदाचे पुरावे गोळा केले आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल लागला. जात पाहून कोणाला झाडू आणि कोणाला स्वयंपाक देणे हे संविधानाच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. पुढे त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, या आदेशामुळे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारी गोळा करण्याला अडथळा येणार नाही.

या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतात, पण तशा नाहीत. हातात झाडू देण्यासाठी विचारलेली जात वेगळी, आणि अन्याय मोजण्यासाठी विचारलेली जात वेगळी. पहिलीत माणसाचे नाव असते आणि त्याला खाली ढकलण्याचा हेतू असतो. दुसरीत नाव नसते, नुसती संख्या असते, आणि त्या संख्येवर सरकारला जाब विचारता येतो. आपला विरोध पहिलीला आहे. दुसरी तर आपण मागितलीच पाहिजे.

बाबासाहेबांनी हेच केले. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणासंबंधी निवेदन दिले. नुसते गाऱ्हाणे न मांडता त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. आपला समाज शिक्षणात किती मागे ठेवला गेला, ते त्या आकड्यांनी सांगितले. सरकारी कागद वाचावा कसा, हे बाबासाहेबांनी आपल्याला तेव्हाच शिकवले आहे.

तुरुंगाची माहिती माणसाच्या भल्यासाठी वापरता येते का? येते. आपल्याच राज्यात एक उदाहरण आहे. १ मे २०२२ रोजी, महाराष्ट्र दिनी, पुण्याच्या येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक आणि कारागृह विभाग यांची ती योजना. तीन वर्षांहून जास्त शिक्षा झालेल्या कैद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज. तारण नाही, जामीनदार नाही. मग बँकेने भरवसा कशावर ठेवायचा? कैद्याची शिक्षा किती उरली, त्याला सूट किती मिळेल, तो वर्षात किती दिवस काम करील आणि रोज किती कमावील, या तुरुंगातल्याच हिशेबावर. ही कमाई थोडी आहे. २०२३ साली वाढवल्यानंतर कुशल कैद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलाला ६७, अकुशलाला ५३ आणि खुल्या कारागृहात ९४ रुपये झाले. तरीही त्या हिशेबाच्या वहीने सातबाऱ्याचे काम केले! जी वही माणसाला आत ठेवते तीच त्याच्या बायकापोरांसाठी जामीन राहिली. कच्च्या कैद्यांना तिचा लाभ नाही, हे खरे. पण वाट दिसली.

परदेशातलेही एक उदाहरण मुलीने शोधून सांगितले. इंग्लंडच्या न्याय खात्याने २०१३ साली एक सोय सुरू केली. सुटलेल्या कैद्यांना शिकवणारी किंवा कामाला लावणारी संस्था आपल्याकडे आलेल्यांची यादी खात्याला देते. खाते आपल्या नोंदी पाहते, तशाच परिस्थितीतल्या पण त्या संस्थेकडे न गेलेल्या माणसांशी तुलना करते आणि संस्थेला एवढेच कळवते की तुमच्या माणसांपैकी शेकडा किती पुन्हा गुन्ह्यात सापडले आणि इतरांपैकी किती. कोण सापडला, ते सांगत नाही. त्यामुळे कोणते शिक्षण उपयोगी पडते आणि कोणते नुसते प्रमाणपत्र वाटते, ते उघड होते. आम्हाला ही पद्धत पटली. माहिती सरकारच्या घरात राहते, बाहेर येते ती फक्त संख्या.

आपल्या जिल्ह्यात असे काही व्हायचे तर नवे खाते उघडायला नको. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांची आढावा समिती झाली. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक एका टेबलाशी बसतात, तुरुंगाची यादी आणि कोर्टाची यादी ताडून पाहतात आणि कोणाला सोडता येईल ते ठरवतात. त्याच टेबलाशी आणखी तीन खुर्च्या ठेवल्या तर? एक शिक्षणाधिकाऱ्याची, एक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यांची, एक रोजगार मार्गदर्शन केंद्राची. सुटणाऱ्यांपैकी किती जण दहावीचे राहिले, परीक्षेचे फॉर्म कधी सुटतात, कोणत्या हस्तकौशल्याला मागणी आहे, हे तिथे बोलले गेले तर सुटणाऱ्याच्या हातात शिवणाच्या दाखल्याबरोबर पुढच्या दाराचा पत्ताही पडेल. नावाची माहिती द्यायची ती त्या माणसाच्या संमतीनेच. बाकी सगळी नुसती संख्या.

हे नुसते बोलून थांबू नये, म्हणून एका रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय काढला. सुरुवातीला कोणी बोलेना. आपल्या समाजाला तुरुंगाच्या दोन आठवणी आहेत. नामांतराच्या लढ्यात आत गेलेल्यांचे आपण हार घालून स्वागत केले. त्या तुरुंगाचा आपल्याला अभिमान आहे. चोरीच्या, मारामारीच्या आरोपात आत गेलेल्याची आपल्याला लाज वाटते, त्याच्या घरी आपण हळदीकुंकवाच्या गावासारखे तोंड फिरवतो. एक म्हातारी उपासिका मात्र उठली आणि म्हणाली, “परवा अंगुलीमालाचं वाचलं ना? मग ते कशाला वाचलं?”

सभा जागी झाली. अंगुलीमालाची गोष्ट आपण सांगतो ती भगवंतांनी डाकूला भिक्खू केले इथपर्यंतच. पुढचे दोन प्रसंग त्रिपिटकात आहेत. प्रसेनजित राजा घोडेस्वार घेऊन अंगुलीमालाला पकडायला निघाला होता. वाटेत तो भगवंतांना भेटला. भगवंतांनी विचारले, तो माणूस आज शीलवान भिक्खू झालेला दिसला तर तू काय करशील? राजा म्हणाला की, मी त्याला वंदन करीन, त्याच्या चीवराची, भोजनाची, निवासाची, औषधाची सोय करीन. तेव्हा भगवंतांनी शेजारी बसलेला अंगुलीमाल दाखवला. राजाकडे अंगुलीमालाच्या गुन्ह्याची सगळी खबर होती. तो बदलल्याची खबर नव्हती. ती कोणीतरी पोचवावी लागली. पोचल्यावर राजाने घोडे मागे वळवले.

दुसरा प्रसंग असा की, तोच अंगुलीमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. राजाला कळले होते, गावाला पटले नव्हते. म्हणजे दोन्हीकडे काम आहे. सरकारकडे खबर पोचवायची आणि वस्तीत हातातला दगड खाली ठेवायचा.

त्या रविवारी आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. दहा रुपयांचे तिकीट लावले. गेल्या वर्षी सुटलेल्यांपैकी दहावी न झालेले किती, आत परीक्षेला बसलेले किती, प्रशिक्षणाचा दाखला मिळालेले किती, सुटताना कोणाला योजनांची लेखी माहिती दिली ती किती जणांना, एवढेच विचारले. नाव एकाचेही मागितले नाही. तीस दिवसांच्या आत उत्तर आले. दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. बाकीच्यांपुढे लिहिले होते: माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.

मुलगी हिरमुसली. आम्ही तिला म्हणालो, “हेच तर उत्तर आहे.” कोणी संकलित केलेली नाही, कारण आजवर कोणी मागितलेली नाही. आता तालुक्यातालुक्यातून दहा अर्ज गेले तर कोणाला तरी ती संकलित करावीच लागेल.

ज्यांच्या घरी आमच्यासारखा प्रसंग आहे, त्यांच्यासाठी अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगतो. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला आणि अनुसूचित जातीच्या प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जामिनाचे पैसे भरता येत नाहीत म्हणून अडकलेल्या गरीब कच्च्या कैद्यासाठी २०२३ साली केंद्राने ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची योजना केली. तीही तिथेच विचारावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पहिल्यांदाच आरोप आलेल्या कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा एकाहून जास्त खटले असलेल्याला ती लागू नाही. आणि पोर निर्दोष सुटले तर निकालाची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात काढून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारले तर लपवू नका. निर्दोष सुटल्याचे लिहा आणि प्रत जोडा. लपवणे हाच पुढे वेगळा दोष ठरतो.

आमच्या पुतण्याचे पुढे काय झाले, ते वाचक विचारतील. गोड शेवट करून सांगावा असे मनात येते, पण तसे झालेले नाही. देणेकरी दाराशी होते. पोराने मुकादमाची उचल घेतली. आईला त्याने जोडीला नेले नाही. “अर्धाच कोयता जाऊ द्या,” म्हणाला. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना झाली. त्यानंतर चार दिवसांनी टोळीची ट्रक निघाली. वस्तीतली माणसे निरोप द्यायला आली होती. लेकरू हाताला धरून आत नेणारी ती बाईही आली होती. तिने त्याच्या हातात भाकरीचे गाठोडे दिले.

सतरा नंबरचा फॉर्म मात्र जाण्याआधी भरला. जुन्या शाळेच्या गुरुजींनीच शेवटी दाखला शोधून दिला. पोराच्या पेटीत कोयत्याच्या खाली दहावीची पुस्तके आहेत. रात्री कोपीवर मोबाइलच्या उजेडात तो गणिते सोडवतो आणि अडले की मुलीला फोन करतो. परीक्षेच्या दिवसांत गळीत हंगाम संपलेला नसेल, म्हणून मुकादमाशी आधीच बोलून ठेवले आहे. तेवढे दिवस सोडतो म्हणाला आहे. शब्द पाळील अशी आशा आहे, आणि पाळला नाही तर आम्ही स्वतः जाऊन पोराला घेऊन येऊ.

इकडे विहाराच्या कपाटात एक वही ठेवली आहे. तिच्यात कोणाचे नाव नाही. वस्तीतून कितीजण आत आहेत, किती सुटले, किती शिकतात, किती कामाला लागले, एवढेच दर पौर्णिमेला लिहितो. शेवटच्या रकान्यात सध्या शून्य आहे. तो शून्य पुसण्यासाठी कोणाकोणाला काय करता येईल, हे प्रत्येक वस्तीने आपापल्या विहारात बसून ठरवावे, एवढीच विनंती आहे.

जयभीम!